खालची शिंप

मी वर्ध्याची. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की 'कालवं' हा शब्दही मला लग्नानंतर मालवणात कळला.

ओहोटीला सासूबाईंच्या मागे खाडीतल्या खडकांवर गेले. त्या कोयतीच्या टोकाने वरचं कवच उचकायच्या, आतलं मांस डब्यात टाकायच्या, पुढे सरकायच्या. मी हौसेने अख्खं कालव ठोकून काढलं. त्या म्हणाल्या, "खालची शिंप थंयच रवांदे गो. पिल्लां खंय बसतली?"

कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग टणक जागी चिकटतं, ते कायमचं. जुन्या कालवाचं कवच ही त्याची आवडती जागा. म्हणूनच कालवं पाळणारे रिकाम्या शिंपा दोरीला ओवून खाडीत टांगतात. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत तर हॉटेलांतली उष्टी कवचं गोळा करून परत पाण्यात टाकतात. आधी ती उपसून चुन्यात आणि रस्त्यांत घातली, मग सुचलेलं हे शहाणपण.

मला आमची धाम नदी आठवली. पवनारला, विनोबांच्या आश्रमाजवळ, लहानपणी आम्ही पिशवीभर शिंपले वेचायचो. जिवंत की मेलेले, बघायचोच नाही. नदीतल्या शिंपल्याची तऱ्हा वेगळी. त्याचं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्यांना लटकून फिरतं, मग तळाच्या रेतीत उतरतं.

या मे महिन्यात लेकीला घेऊन गेले. तासभर गाळ चाळून एक जुनी शिंप मिळाली, ती पोरीने खिशात घातली. 'थंयच रवांदे' अगदी ओठांवर आलं होतं. पण इथे नुसती शिंप ठेवून भागणार नव्हतं. मासा कुठे होता?