९९८ की ११९७?

आमच्या घरात आजवर कोरी म्हणून जी वाहने आली ती सगळी दोन चाकांची. आधी बाबांची मोपेड, मग माझी स्कूटर, मग बायकोची. चारचाकी लागली की वाड्यावरच्या टॅक्सीवाल्याला सांगायचे, असा रिवाज. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिली गाडी घ्यायला निघालो तेव्हा रंग कोणता एवढाच काय तो प्रश्न असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या कारकुनाची समजूत याहून वेगळी कशी असणार!

निमित्त झाले जीएसटीचे. २०२५ ची चवथ होऊन आठवडा झाला असेल-नसेल, छोट्या गाड्यांवरचा कर उतरणार अशी बातमी आली. आधी २८ टक्के आणि वर १ टक्का उपकर होता, तो २२ सप्टेंबरपासून १८ टक्के होणार. आमच्या खात्यात त्या दिवशी फायली जरा कमीच हलल्या. संध्याकाळी बायको म्हणाली, "आता नाही घेतली तर तुम्ही कधीच घेणार नाही." ते खरेच होते.

गाडी कोणती यावर घरात वाद झाला नाही. आईचे गुडघे गेलेले. खाली वाकून, अंग चोरून आत शिरायची गाडी तिच्या कामाची नाही. वॅगन आर उंच, तिच्यात खुर्चीत बसावे तसे बसता येते. शेजाऱ्यांच्या गाडीत आईला एकदा बसवून पाहिले आणि विषय संपला. म्हणजे, संपला असे वाटले. शोरूममधल्या मुलाने विचारले, "सर, वन लिटर की वन पॉइंट टू? आणि व्हेरियंट कुठले?" आणि हातात एक कागद ठेवला. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, झेडएक्सआय प्लस. खाली रकाने, रकान्यांत बरोबरच्या खुणा आणि आडव्या रेघा. शाळेतली संस्कृतची रूपावली आठवली. तीही मला कधी पाठ झाली नव्हती.

घरी येऊन मी सवयीप्रमाणे टिपण तयार केले. विषय, पार्श्वभूमी, तुलनात्मक तक्ता, शिफारस. वीस वर्षे दुसऱ्यांच्या खरेदीची टिपणे लिहिली, आता स्वतःच्या पैशांचे लिहायचे होते.

सीसी म्हणजे इंजिनातले दट्टे वर-खाली होताना जेवढी जागा व्यापतात ती, घन सेंटिमीटरमध्ये. या गाडीत दोन इंजिने. लहान ९९८ सीसी, तीन सिलिंडरचे. मोठे ११९७ सीसी, चार सिलिंडरचे. गाडी ओढण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो लहान इंजिनाचा ८९ आणि मोठ्याचा ११३ न्यूटन मीटर. आता हे आकडे असे तिरपागडे का? हजार का नाही, बाराशे का नाही? इथे मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या आली: लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर अबकारी कर कमी. पुढे जीएसटीतही तीच रेघ चालू राहिली. त्या रेघेच्या तीन सीसी अलीकडे आमचे ११९७. थर्ड पार्टी विम्यात दुसरी रेघ १००० सीसीची, तिच्या दोन सीसी अलीकडे ९९८. इंजिन अभियंत्यांनी घडवले खरे, पण त्याचे कुंपण आमच्यासारख्याच कुणा कारकुनाने टाइप केलेले! मला उगाच बरे वाटले.

मग हिशेब. २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, त्यावर १५०० पर्यंत १०,६४० रुपये. कंपनीने सांगितलेले मायलेज लहान इंजिनाचे लिटरला २४.३५ किलोमीटर, मोठ्याचे २३.५६. आमची गाडी वर्षाला फार तर आठ हजार किलोमीटर चालणार. फरक पडतो अकरा लिटरचा, म्हणजे हजार-अकराशे रुपये. ही काही भीती बाळगण्यासारखी रक्कम नव्हे. खरी अडचण किमतीच्या रकान्यात होती. खालच्या दोन व्हेरियंटना लहान इंजिन, वरच्या दोघांना मोठे. मोठे इंजिन हवे तर वरचा साजही विकत घ्यायचा. दर पायरीला जादा पैसे, आणि त्यावर किमतीच्या प्रमाणात रस्ता कर.

साजाबद्दल सल्ले भरपूर मिळाले. शोरूमवाला म्हणाला, "सर, टॉपच घ्या, विकताना पैसे सुटतात." मी अजून घेतली नव्हती आणि हा विकायचे बोलत होता. ऑफिसातला मित्र म्हणाला, "पात्रांव, लोक आधी चाके बघतात. अलॉय पाहिजेच." मी तक्त्यात फक्त तीन गोष्टींखाली लाल रेघ मारली: मागच्या काचेचा वायपर, त्याच काचेवरची वाफ घालवणारी तार, आणि चालकाची सीट वर-खाली होण्याची सोय. पहिल्या दोन आपल्या पावसासाठी, तिसरी बायकोसाठी. ती उंचीने कमी आहे आणि गाडी तीही चालवणार. सुरक्षिततेसाठी मात्र पायरी चढायची गरज उरली नव्हती. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचे आहे, आणि या गाडीच्या तर सगळ्याच व्हेरियंटना २०२५ मध्ये सहा एअरबॅग आल्या. पूर्वी खालचे मॉडेल घेणारा जिवाच्या बाबतीतही खालच्या पायरीवर असायचा. तेवढे तरी सुधारले.

शेवटी शिफारस लिहिली: ९९८ सीसी, व्हीएक्सआय. रोज ऑफिसला मी कदंबनेच जाणार. गाडी फोंड्याला डॉक्टरकडे, देवळात आणि वर्षातून चारदा बेळगावला, बायकोच्या माहेरी. चार खेपांसाठी मोठे इंजिन कशाला? वाचलेले पैसे मुलीच्या शिक्षणाला.

टिपण बाबांपुढे ठेवले. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी चश्मा लावून सगळे वाचले, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि एकच प्रश्न विचारला, "घाटी चडटली मरे ती?"

मी हसलो. म्हटले, बाबा, आजकाल कुठली गाडी चढत नाही? ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी ठेवीची पावती आणून माझ्यासमोर ठेवली. "मोठे इंजिन घे," म्हणाले आणि आत गेले.

तेव्हा कुठे मला ती मोपेड आठवली. १९८५-८६ चा सुमार. पन्नास सीसीची, पायडल असलेली. स्कूटरसाठी पैसे पुरले नाहीत म्हणून घेतलेली. कवळ्याला आईच्या माहेरी जायचे तर मार्दोळहून फर्मागुडीची घाटी चढावी लागे. मी पुढे उभा, मागे आई, तिच्या मांडीवर बहीण. घाटीच्या पायथ्याशी मोपेड थांबायची. आई बहिणीला कडेवर घेऊन उतरायची आणि चालू लागायची. बाबा मला घेऊन वर जायचे आणि गोपाळ गणपतीच्या देवळापाशी थांबायचे. आई घामाघूम होऊन यायची, देवाला हात जोडायची आणि परत मागे बसायची. मला त्यात काहीच वावगे वाटत नसे. उलट आपण आधी पोचलो याची मौज वाटायची. चाळीस वर्षे बाबांनी याविषयी कधी अवाक्षर काढले नव्हते.

मी शोरूममध्ये जाऊन सांगितले, दोन्ही इंजिने चालवून बघायची, तीही फर्मागुडीच्या घाटीवर, घरची माणसे घेऊन. त्यांचा सपाट रस्त्यावरचा एक ठरलेला फेरा होता. तो मुलगा जरा कुरकुरला, पण तयार झाला. मी, तो, आई, बाबा, बायको, असे पाचजण. एसी चालू.

खोटे कशाला सांगू, ९९८ वाली चढली. व्यवस्थित चढली. फक्त अर्ध्या चढावर पुढचा ट्रक हळू झाला, मी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली आणि इंजिनाचा आवाज चढला. त्याच क्षणी मागून आई म्हणाली, "हांव देंवूं?"

मी उतरू का? सगळे हसले. आईसुद्धा हसली. आरशात मला बाबा दिसले, ते खिडकीबाहेर बघत होते.

मग ११९७ वाली आणली. तिने तीच घाटी तिसऱ्या गिअरमध्ये काढली आणि आई बायकोशी भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली.

टिपणातली शिफारस मी खोडली. झेडएक्सआय घेतली, प्लस नाही. अलॉय चाकांवाचून आईला कुठे उतरावे लागणार नव्हते. बाबांच्या ठेवीतून व्हीएक्सआय आणि झेडएक्सआय यांच्यातल्या फरकापुरतेच पैसे घेतले, बाकीचे परत केले. तेवढे न घेणे त्यांना लागले असते.

तुम्ही पहिली गाडी घ्यायला निघाला असाल तर एवढेच सांगेन. साजाचा तक्ता घरी बसून वाचा आणि आपल्याला खरेच लागणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा. कुठल्या व्हेरियंटला काय मिळते ते वर्षागणिक बदलते, तेव्हा ताजा कागद मागा. इंजिन मात्र कागदावर ठरवू नका. रोजची माणसे गाडीत बसवा, एसी लावा आणि आपल्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट चढावर न्या. एकट्याने सपाट रस्त्यावर चालवली तर दोन्ही सारखीच वाटतील.

गाडी आली त्या दिवशी मार्दोळला म्हाळसेपुढे नारळ फोडला आणि तिथून कवळ्याला निघालो. घाटी संपल्यावर बाबा म्हणाले, थांबव. गोपाळ गणपतीपाशी गाडी उभी केली. बाबा उतरले नाहीत. माझ्या मुलीला बोटाने रस्त्याची कड दाखवून म्हणाले, "हांव हांगा रावतालों." मी इथे वाट बघत थांबायचो. तिने विचारले, कुणाची? आई म्हणाली, "चला आता, उशीर होतो."