घरघर, खडखड, टकटक

आवाजांना नावे देण्यात मराठी भाषेची श्रीमंती मोठी आहे. जाते घरघरते, रहाट कुरकुरतो, पाचोळा सळसळतो आणि रिकाम्या डब्यातला खडा खडखडतो. ही श्रीमंती मोटारीच्या दुरुस्तीतही कामी येते, हे मात्र आम्हांस सेवानिवृत्तीनंतर उमगले.

गेल्या हिवाळ्यात आमच्या चौदा वर्षांच्या पेट्रोल-मोटारीने वेग घेताना मोठा आवाज करण्यास प्रारंभ केला. इंदूरहून महूमार्गे मंडलेश्वरास जाताना जामघाटाच्या उतारावर ती शांत असे. परतीच्या चढणीवर ॲक्सिलरेटर दाबला, की मात्र ट्रॅक्टर चालवीत असल्याचा भास होई. एका सेवाकेंद्रात तक्रारपत्रकावर 'आवाज' एवढाच शब्द नोंदला गेला आणि उत्तरही तितकेच त्रोटक मिळाले : गाडी जुनी झाली, बदलून टाका. शासकीय सेवेत आमची हयात गेली असल्याने अशा शेऱ्यांचे आम्हांस नवल वाटले नाही. ज्या नस्तीत तपशील नसतो, तिच्यावर शेराही असाच पडतो.

आमच्या वस्तीलगत एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी बॉनेटला हातही न लावता प्रथम विचारले, "साहब, आवाज़ इंजन के साथ बढ़ती है या पहियों के साथ?"

या एका प्रश्नात अर्धे निदान आहे. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, इंजिन रेस करून पाहावे. आवाज तेव्हाही वाढत असेल, तर दोष इंजिनाच्या वा सायलेन्सरच्या बाजूस शोधावा. उभ्या गाडीत शांतता आणि धावत्या गाडीत वेगाबरोबर चढत जाणारी घूंऽऽ असेल, तर चाकाच्या बेअरिंगकडे पाहावे. वळणावर ती घूं कमीजास्त झाली, तर संशय अधिकच बळावतो. काही दोष मात्र केवळ ओझ्याखाली बोलतात. चढणीवर वरच्या गिअरमध्ये इंजिन मंद फिरत असताना टकटक ऐकू आली, तर ते नॉकिंग. सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीच्या शिस्तीने न जळता भलत्या जागी आपणहून भडकते, त्याचा तो आवाज. गाडी उचलताना एकच 'धप्' झाले, तर इंजिनाचे माउंटिंग तपासावे. इंजिन ओरडते पण गाडी त्या मानाने पळत नाही, हे क्लचचे लक्षण. थंड सकाळी येणारी 'कुईं' बहुधा सैल पट्ट्याची.

आमची घरघर उभ्या गाडीतही येत होती आणि तीत फरफर मिसळलेली होती. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवावयास सांगून जाड, ओले फडके क्षणभर सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरले. वायूला पुढची वाट अडली, की तो मागच्या छिद्रातून फुसफुसतो. ती फुसफुस कोठून येते ते ऐकावयाचे. मधल्या डब्याच्या अलीकडील सांध्याशी ती स्पष्ट ऐकू आली. गाडी रॅम्पवर चढविताच तेथे काजळीचा काळा पट्टा आणि गंजून चाळणी झालेली नळी दिसली.

मग त्यांनी सौ.कडे वळून विचारले, "माताजी, गाड़ी में बैठने से सिर तो नहीं दुखता?"

दिवाळीपासून लांबच्या प्रवासात, थंडीमुळे काचा बंद असल्या म्हणजे, तिचे डोके जड होत होते व मळमळत होते. ती त्यास पित्त म्हणत असे आणि आलेपाकाची पुडी जवळ बाळगीत असे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंधही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो, आणि त्याची पहिली लक्षणे पित्तासारखीच : डोकेदुखी, मळमळ, घेरी. चढणीवर इंजिन जोर करू लागले, की गळतीही वाढते व तळाच्या पत्र्यातील फटींतून हा वायू आत शिरू शकतो. सुटीत आमचा चार वर्षांचा नातू याच गाडीच्या मागच्या आसनावर मंडलेश्वर ते इंदूर गाढ झोपून आला होता. त्या झोपेचा विचार मनात आला आणि आम्हांस काही वेळ बोलवेना.

गाडी तेथेच ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो.

कुजलेल्या पत्र्यावर वेल्डिंगचे ठिगळ लावण्यास मिस्त्रींनी नकार दिला. नवा पत्रा धरेल, पण शेजारचा जुना सुटेल, हे त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. नळी व डबा नवे बसविले, सांध्याचे पॅकिंग आणि लोंबकळणारे रबर बदलले. गंजाचे कारणही त्यांनीच सांगितले. एक लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निघते. लांबच्या प्रवासात नळी तापून ते उडून जाते. गाडी भाजीबाजार, बँक आणि वाचनालय एवढीच फिरली, तर पाणी डब्यात साचते आणि पत्रा आतून खातो. निवृत्तांच्या मोटारींचे सायलेन्सर लवकर जातात, असा त्यांचा अनुभव आहे. आता महिन्यातून दोनदा आम्ही गाडी देवासपर्यंत नेऊन आणतो आणि दर थंडीपूर्वी ती रॅम्पवर चढवून खालून पाहून घेतो.

जानेवारीत पुन्हा जामघाट चढलो, तेव्हा काचा बंद होत्या आणि सौ. मंडलेश्वरपासून महूपर्यंत अखंड बोलत होती. विशिष्ट वेगावर पत्र्याची बारीक झणझण तेवढी येत होती. उष्णता अडविणाऱ्या पत्र्याचा एक स्क्रू गळला होता. तेथे क्लॅम्प लावून घेतला.