मध्यरात्रीची तहकुबी

बोक्याने सायंकाळपासून अन्नास तोंड लावले नाही, एवढ्याच वर्दीवर मी त्याला सकाळपर्यंत घरी ठेवण्यास राजी होतो; परंतु तो रेतीच्या तसराळ्यात वारंवार बसतो, कण्हतो आणि मूत्राचा थेंबही न टाकता उठतो, हे पत्नीने निदर्शनास आणताच प्रकरणाचे स्वरूपच पालटले. नर मांजराचा मूत्रमार्ग अत्यंत अरुंद असतो. तो खड्यांनी वा चिकट स्रावाने तुंबला, की रक्तातील पोटॅशियम चढत जाऊन एक-दोन दिवसांत हृदयक्रियाच बंद पडू शकते. कान खाजणे, किंचित लंगडणे, एखाददुसरी वांती, अशा अर्जांना दुसऱ्या दिवसाची तारीख देता येते. फिकट वा निळसर हिरड्या, उघड्या तोंडाने धापा टाकणारे मांजर, पोट फुगून निष्फळ ओकाऱ्या काढणारा कुत्रा, यांना मात्र तहकुबी नाही. रात्रीच्या दवाखान्याची फी जबर असते, हे मान्य. पण तो हिशेब नंतरचा. (मनुष्याची वेदनाशामक गोळी देण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला मी सविनय फेटाळला, पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक आहे.) दूरध्वनी करून डॉक्टर हजर असल्याची खातरजमा केली, टोपलीत शिरताना बोक्याने माझ्या मनगटावर आपला निषेध नोंदवला, आणि टॅक्सीवाल्याने कसलीही हुज्जत न घालता मीटर पाडले.