माडापेक्षा उंच घर नको!

हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि हे ऐका! बाली बेटावर माडापेक्षा उंच इमारत बांधायला परवानगी नाही! माडापेक्षा! सरकारी कागदावर 15 मीटर असा आकडा आहे, पण तिथल्या माणसाला विचारा, तो आकडा सांगत बसत नाही, सरळ समोरच्या माडाकडे बोट दाखवतो. झालं! नियम समजला! मी वास्तुरचनाकार नाही, बालीची अभ्यासक तर मुळीच नाही, तिथली भाषाही मला चार शब्दांपलीकडे येत नाही. पण जे पाहिलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, आणि आता तुम्ही सापडला आहात, तेव्हा चला माझ्याबरोबर!

तर हा माडाचा नियम आला कुठून? सानूरच्या किनाऱ्यावरून! सुकार्नो इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष असताना, जपानकडून मिळालेल्या युद्धभरपाईच्या पैशातून तिथे एक दहा मजली हॉटेल बांधलं गेलं. 1966 साली ते सुरू झालं. सपाट किनारा, माडांच्या रांगा, आणि मधेच हा एवढा थोरला ठोकळा! लोकांनी तो पाहिला, आणि मग चर्चा झाली, आणि मग पुढच्या काही वर्षांत ठरूनच गेलं, की एक झालं ते झालं, दुसरं नको! देवळांना आणि काही खास बांधकामांना यातून सवलत आहे. आणि त्या सवलतीतलं सगळ्यांत उंच काय असेल? गरुडावर बसलेला विष्णू! शिल्पकार न्योमान नुआर्ता यांनी केलेली मूर्ती, 2018 साली पुरी झालेली, चौथऱ्यासकट 121 मीटर! माणसानं माडाखाली राहायचं आणि माडाच्या वर विष्णूनं! मी मान मागे टाकून नुसती बघत राहिले!

पण उंची हे तर नुसतं दार आहे हो, आत चला! उबुदमध्ये मी एका कुटुंबाकडे उतरले होते. अरुंद दरवाजा, वर कोरीव दगडी छप्पर, चार पायऱ्या. चढून आत पाऊल टाकलं, तर समोर भिंत! दारातून आत, आणि नाकासमोर भिंत! डावीकडून किंवा उजवीकडून वळसा घालून जायचं. घरच्या बाईंना, म्हणजे इबूंना, मी विचारलं, ‘‘हे असं का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘वाईट शक्तींना वळता येत नाही ना. त्या सरळच चालतात!’’ किती साधं! या आडभिंतीला ते आलिंग-आलिंग म्हणतात, आणि एकदा ती ओळखली की मग प्रत्येक दारात ती दिसायला लागते, आणि मग रस्त्यानं चालताना माणूस प्रत्येक दारातून डोकावायला लागतो, आणि मग कुत्री भुंकायला लागतात, आणि तरी माणूस डोकावतोच!

भिंतीला वळसा घातला की काय दिसतं? एक घर नाही, अनेक छोटी घरं! मधे मोकळं अंगण आणि भोवती सुट्या सुट्या चौथऱ्यांवर उभ्या इमारती. पूर्वेकडच्या ओसरीत लग्नकार्य होतं आणि घरातलं माणूस गेलं तर त्यालाही तिथेच ठेवतात. झोपायची खोली डोंगराच्या बाजूला, स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला, आणि घरचं देऊळ डोंगर आणि पूर्व मिळून जो कोपरा होतो त्या कोपऱ्यात. हे सगळ्या घरांत असंच! कारण बालीत दिशा मोजायच्या त्या डोंगराकडून. आगुंग पर्वत, देवांचं ठिकाण, त्या बाजूला ‘काजा’. समुद्राकडे ‘कलोद’. आणि आता नीट ऐका, कारण हे कळलं तेव्हा मी जेवता जेवता उठून उभी राहिले! डोंगर बेटाच्या मधल्या भागात आहेत, म्हणून दक्षिण बालीत काजा म्हणजे उत्तर, आणि बेट ओलांडून सिंगाराजाला गेलात की काजा म्हणजे दक्षिण! होकायंत्र गेलं उडत! डोंगर कुठे आहे ते बघा आणि घर मांडा! झोपतानाही डोकं डोंगराकडे नाहीतर पूर्वेकडे, पाय कधीच तिकडे नाहीत. आपल्याकडे दक्षिणेला पाय करून झोपलं की आजी उठवायची ना? तीच आजी तिथेही आहे!

आणि आता माप! अहो, माप! घर कितीचं बांधायचं ते फुटपट्टी ठरवतच नाही. ज्याचं घर त्याचं अंग ठरवतं! ताडपत्रांवर लिहिलेलं ‘आस्ता कोसाला कोसाली’ नावाचं शास्त्र आहे आणि ते जाणणारा तो ‘उंडागी’, म्हणजे एकाच वेळी वास्तुरचनाकार, सुतार आणि थोडासा पुरोहितही. गल्लीत एका घराचं काम चाललं होतं, आणि मी अर्थातच तिथे जाऊन उभी राहिले. घरमालकानं दोन्ही हात पसरले, उंडागीनं बांबूची काठी धरून एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खूण केली, मग कोपरापासून बोटांपर्यंत खूण केली, मग मूठ मिटायला लावली आणि तिची खूण केली. वाव, हात आणि मूठ! आपल्या पणजोबांची मापं! आणि मग त्याच एका काठीवरून कुंपणाची लांबी, दोन ओसऱ्यांमधलं अंतर, सगळं निघतं, आणि मग खांबाची जाडी कशावरून, तर बोटाच्या पेरांवरून! शेजारच्या घरमालकाचे हात लांब असतील तर त्याचं घर त्याच्या हातांएवढं. आणि सगळं मोजून झालं की वर आणखी थोडंसं माप घालायचं, बोटभर वगैरे, त्याला ‘उरिप’ म्हणतात. ते घातलं की घरात जीव येतो! नेमकं माप म्हणजे मेलेलं माप, थोडं वरचं घातलं की जिवंत! मी तिथे चिखलात उभी होते आणि टाळ्या वाजवाव्यात असं वाटत होतं!

खांबाचंही ऐकाच. झाड जसं उभं वाढलं तसाच खांब उभा करायचा, बुंध्याकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. उलटा लावलेला खांब चालत नाही. रंग दिल्यावर कोणाला कळणार आहे हो? पण उंडागीला कळतं, आणि झाडाला कळतं! इबूंनी हे अगदी सहज सांगितलं, भाजी निवडता निवडता.

आता देवळात चला, पण आधी लुंगी गुंडाळा आणि कमरेला पट्टा बांधा, नाहीतर आत घेणार नाहीत. घरात कोणी गेलं असेल तर आत जायचं नाही, मासिक पाळीतही नाही. हे विटाळ आणि सुतक आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. समोर ‘चांडी बेंतार’, दुभंगलेलं दार! एक उंच कोरीव शिखर वरपासून खालपर्यंत मधोमध चिरलंय आणि दोन्ही अर्धुकं बाजूला सारली आहेत. बाहेरच्या अंगाला नक्षीच नक्षी, आणि चिरलेली आतली बाजू एकदम गुळगुळीत, सपाट! मी हात फिरवून पाहिला. आत एकापाठोपाठ एक अंगणं आणि वर आभाळ. गाभारा नाही, सभामंडप नाही! ‘मेरू’ नावाचे उतरते मनोरे आहेत, काळ्या ताडधाग्यांनी शाकारलेली छपरं एकावर एक, आणि छपरांची संख्या नेहमी विषम. तीन, पाच, सात, नऊ, फार तर अकरा. चार कधीच नाहीत! आणि डोंगराकडच्या कोपऱ्यात ‘पद्मासना’. पायथ्याला कासव, त्याला विळखा घातलेले नाग, वर चढत जाणारा दगड, आणि सगळ्यांत वर एक सिंहासन. रिकामं! मूर्ती नाही! देवानं येऊन बसावं म्हणून जागा मोकळी ठेवली आहे! मूर्तीशिवाय हात जोडायची मला सवय नाही, पण माझे हात जोडले गेलेच.

प्रत्येक गावात अशी तीन देवळं असतात. ब्रह्माचं, विष्णूचं आणि शिवाचं. प्रत्येक गावात! आणि देवळाभोवती किती जागा मोकळी ठेवायची याचाही नियम आहे. 1994 साली तिथल्या हिंदू परिषदेनं तो धर्मादेश काढला. सगळ्यांत मोठ्या देवळांभोवती 5 किलोमीटर, त्याखालच्या तीर्थस्थानांभोवती 2 किलोमीटर, आणि छोट्या देवळांभोवती किती? दगड फेकला तर जाईल तेवढं! काय माप आहे! आणि मोठ्या देवळांच्या अंतरामागची मूळ कल्पना, नजर पोचेल तिथपर्यंत! हात, मूठ, माड, दगडाची फेक, नजर. सगळी मापं माणसाच्या अंगाशी नाहीतर अंगणाशी! याच ठिकाणी माझ्या डोक्यात दिवा लागला. म्हणून हे नियम लोकांना जड वाटत नाहीत! मोजपट्टी प्रत्येकाच्या खांद्याला लटकलेलीच आहे!

नवे सरकारी नियमही त्याच वाटेनं चालतात. 2005 च्या प्रांतिक कायद्यानं इमारतींवर बालीची पारंपरिक ढब यायलाच हवी असं ठरवलं, म्हणून बँकेलाही कोरीव दार! 2018 पासून पाट्यांवर आधी बालीची लिपी आणि खाली रोमन. दर गुरुवारी सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत पारंपरिक पोशाख! गुरुवारी मी मुद्दाम रस्त्यावर उभी राहिले, आणि स्कूटरवरून लुंग्या, कमरपट्टे आणि डोक्याला बांधलेले पांढरे रुमाल भुर्रकन निघालेले पाहिले. काय देखणी माणसं!

आणि रोजची सकाळ! इबू माडाच्या कोवळ्या पात्यांची हातभर नव्हे, तळहाताएवढी टोपली विणतात, तिच्यात फुलं ठेवतात, पण कशीही नाही! पांढरी पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, निळी किंवा हिरवी उत्तरेला. ईश्वर, ब्रह्मा, महादेव, विष्णू! तळहाताएवढ्या टोपलीत चारी दिशा! ती दारात, चुलीपाशी, दुकानाच्या गल्ल्यावर, स्कूटरवर! संध्याकाळपर्यंत कोंबड्या आणि कुत्री ती विस्कटून टाकतात, आणि मग सकाळी इबू पुन्हा नवी विणायला बसतात. मी एक विणली. वाकडी झाली, पण फुलं बरोबर दिशेला ठेवली!

बांगली भागातलं पेंगलिपुरान गाव तर बघायलाच हवं. मधून चढत जाणारा दगडी रस्ता, वर टोकाला देऊळ, दोन्ही बाजूंना सारख्याच घाटाची दारं, बांबूच्या फळ्यांची छपरं, आणि या रस्त्यावर गाडी आणायची नाही. गावामागचं बांबूचं बन राखलेलं आहे, वाटेल तेव्हा कोयता चालवता येत नाही. आणि खालच्या टोकाला एक रिकामा भूखंड! कोणी दुसरी बायको केली तर त्यानं तिथे जाऊन राहायचं, असा गावाचा नियम. जागा रिकामीच आहे! मी त्या रिकाम्या जागेकडे कितीतरी वेळ कौतुकानं पाहत होते!

आणि न्येपी! शांततेचा दिवस! विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्खं बेट बंद! विमानतळ बंद! 2018 पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद! पाहुण्यांनीही हॉटेलातच थांबायचं, रस्त्यावर फक्त काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले गावचे राखणदार. आणि हा दिवस कोणता? वर्षाचा पहिला! शक वर्षाचा! आपलंच शक! 2023 मध्ये 22 मार्चला आपण गुढी उभारली आणि शके 1945 लागलं, त्याच दिवशी बालीत न्येपी होती आणि त्यांचंही 1945 लागलं! तोच आकडा! कधी अधिक महिन्याच्या हिशेबानं महिन्याचा फरक पडतो, पण वर्षाचा आकडा तोच राहतो. आपण ताशे वाजवतो, ते दिवे मालवतात!

हे सगळं टिकून राहावं असं मला फार मनापासून वाटतं. भातखाचरांत बंगले उगवताहेत, तेही मी पाहिलं, आणि पोटात कालवलं. कारण इथला सौंदर्याचा नियम एखाद्या समितीच्या कपाटात नाही, तो माणसाच्या हाताच्या लांबीत आहे, आणि असा नियम एकदा विसरला की कायदा करून परत आणता येत नाही.

म्हणून आता उठा! खरंच उठा! दोन्ही हात पसरा, कोणाला तरी दोरी धरायला सांगा आणि तुमची वाव मोजा. मग तुमच्या घरातून डोंगर कोणत्या बाजूला आहे ते शोधा. पुण्यात असाल तर सिंहगड बघा, नाशिकला असाल तर ब्रह्मगिरी. आणि सापडला की मला लगेच सांगा, कारण मी दोरी घेऊन आमच्या घराच्या भिंती मोजायला सुरुवातसुद्धा केली आहे!