पहिली गोधडी वाकडीच होते

बहिणींनो,

धान चुरून झाले आहे, तणसाचे ढीग लागले आहेत आणि उन्हाळी धानाची गडबड अजून सुरू व्हायची आहे, असे थोडे मोकळे दिवस थंडीत आपल्या वाट्याला येतात. आमच्या इटियाडोहच्या पाण्यावरून येणारा पहाटवारा हाडात शिरतो. अंगणात ऊन पडले की जुन्या बायका गोधडी पसरून बसतात. कुणी तिला वाकळ म्हणते, कुणी कथरी. तरुण सुना मात्र दारातूनच म्हणतात, "आम्हाला नाही बाई जमायचं." हे चार शब्द त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मीही तशीच होते. १९७९ साली लग्न होऊन मी या गावात आले. त्याच्या आदल्या वर्षी माझी आई गेली होती. तिचे एक सुती लुगडे मी ट्रंकेत घालून आणले होते. पहिल्याच थंडीत सासूबाई म्हणाल्या, "ठेवून कसर लागंल. गोधडी कर, मंग रोज अंगावर राहील."

मी बसले. चार ओळी घातल्या आणि लांबून पाहिले, तर ओळी नागमोडी. सासूबाईंची ओळ कशी, जणू बांधीची धुरी! मी सगळे उसवले. पुन्हा घातल्या, पुन्हा उसवल्या. तिसऱ्यांदा उसवताना सुईच्या भोकांनी चाळण झालेले ते जुने कापड हातभर फाटले. आईचे लुगडे माझ्याच हाताने फाटले. मी ते गुंडाळून ट्रंकेत टाकले आणि रडत बसले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी मी उठले, तर त्या ते कापड पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. फाटल्या जागी त्यांनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा ठेवला होता. गाढवी नदीवरचे आमचे धरण १९७० साली पुरे झाले. त्या धरणाच्या भरावावर त्यांनी मातीच्या टोपल्या वाहिल्या होत्या. तेव्हाचे ते लुगडे. म्हणाल्या, "फाटलं म्हणूनच तं गोधडी करतेत वं. धड असतं तं नेसलं नसतं का? आता उसवू नोको. फुडं चाल."

त्या थंडीत मी पुढे चालले आणि गोधडी पुरी केली. म्हणून बायांनो, पहिली गोष्ट हीच सांगते. ओळ वाकडी गेली तर उसवू नका. जुन्या कापडाला वाकडी ओळ सोसते, पुन्हा पुन्हा उसवणे सोसत नाही. पुढची ओळ सरळ घाला, झाले.

आता कामाचे सांगते. सुरुवातीलाच मोठी गोधडी हाती घेऊ नका. लेकराचे दुपटे घ्या. एक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि तीन थरांचे. कापड सुतीच हवे. हल्लीच्या साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या घसरतात आणि घामही टिपत नाहीत. ओळखायचे कसे? एक धागा काढून चुलीपाशी जाळून पाहा. सुताची राख होते, कृत्रिम धाग्याची कडक गोळी होते. गडद रंगाचा तुकडा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग सुटत असेल तर तो बाजूला ठेवा. सगळे कापड आधी धुऊन वाळवून घ्या.

खरी मेहनत शिवण्याआधीची आहे. जमीन झाडून खालचा थर पसरा आणि कोपऱ्यांवर दगड ठेवा. तळहाताने मधून कडेकडे दाबत सुरकुत्या काढा. मग दुसरा थर, मग तिसरा. नंतर वीतवीत अंतरावर उभे-आडवे लांब कच्चे टाके घाला. नव्या बाया हेच टाळतात, मग आतला थर गोळा होतो आणि दोष हाताला देतात.

सुई बारीक नको, पण पोते शिवायची दाभणही नको. सुती दोरा दुहेरी करून हातभरच घ्या. लांब घेतला की गुंततो. मेणावरून एकदा ओढला की चांगला सरकतो. गाठ थरांच्या आत लपवा. साधा धावता टाका घाला. दोरा फार ओढू नका, नाही तर चुण्या पडतात. सासूबाई काठापासून सुरू करून फिरत फिरत मधे येत. त्यांचा हात बसलेला होता. तुम्ही मधल्या ओळीपासून सुरू करा, म्हणजे उरलेली सुरकुती काठाकडे सरकते. काठ शेवटी आत दुमडून शिवा. ओळींत अंगठ्याएवढे अंतर ठेवा. एवढ्या दुपट्याला छत्तीस-सदतीस ओळी लागतात. रोज तीन घातल्या तरी दोन आठवड्यांच्या आत काम होते. दहाव्या ओळीनंतर पहिली ओळ पाहा, तुमचे तुम्हालाच हसू येईल.

चिंध्यांची लाज वाटत असेल तर आपल्या विदर्भातले गाडगेबाबा आठवा. ते चिंध्यांचेच कपडे अंगावर घालत. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. आणि दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक गाव आहे. तिथल्या काळ्या शेतकरी बायकांनी शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्याही थंडी भागवण्यासाठीच. २००२ साली त्या मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर आली. त्यांच्याही सगळ्या ओळी सरळ नाहीत.

सासूबाई आता नाहीत. ती गोधडी आहे. माझ्या मुलांनी पांघरली, आता नातू पांघरतो. मधला आईच्या लुगड्याचा भाग विरत चालला आहे, त्यावर मागच्या वर्षी सुनेने आपल्या साडीचे ठिगळ लावले. तिचा टाका मोठा आणि वाकडा पडला आहे. मी काही बोलले नाही.

तेव्हा, पोरींनो, घरातली एक जुनी सुती साडी काढा आणि ऊन असेतो अंगणात बसा. शेजारच्या म्हातारीला हाक मारा, ती न बोलावता शिकवील. आणि दुपटे पुरे झाले की पेटीत ठेवू नका. त्याच रात्री लेकराच्या अंगावर घाला.