जुलैतले घर

लोणावळ्यातले जुने घर दुरुस्तीला काढले जाते ते बहुधा उन्हाळ्यात. हवा कोरडी, डोंगर पिवळे, भिंती खडखडीत. त्या भिंतींवर प्लॅस्टिक पेंट चढतो, छताला पीओपी लागते, खोल्यांतून प्लायवूडची कपाटे उभी राहतात. मग जून येतो. पुण्यात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो ४००० च्या घरात जातो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गणपती येईपर्यंत कपाटाच्या पाठीला बुरशी धरते, भिंतीचे पोपडे सुटतात, गाद्यांना कुबट वास येतो. बोल रंगाऱ्याला लागतो. खरे तर चुकतो तो कामाचा क्रम. मावळात घर राहण्याजोगे करायचे म्हणजे आधी छप्पर, मग वारा, मग भिंत. सजावटीचा नंबर त्यानंतरचा. पहिली तीन कामे मनासारखी झाली तर तिच्यासाठी फारसे काही उरतही नाही.

नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळातली जुनी घरे नीट पाहिली की हा क्रम त्यांच्या बांधणीतच दिसतो. जोते उंच, कौलारू छप्पर उतरते, वळचण इतकी पुढे आलेली की पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात. पावसाच्या तोंडाला पडवी, म्हणजे झोडपा बसला तरी तो माजघरापर्यंत पोहोचत नाही. कौलांच्या फटींतून घरातली दमट हवा वर निघून जाते. दर उन्हाळ्यात शाकारणी ठरलेली. दुरुस्ती हा वर्षाच्या कामांतलाच एक भाग होता, एकदा करून मोकळे होण्याची बाब नव्हती. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुढे मुंबईची धनिक मंडळी हवापालटाला येऊन इथे बंगले बांधू लागली. त्यांची हौस वेगळी, ऐपत वेगळी. पण व्हरांडा, उतरते कौलारू छप्पर आणि भिंतीत उंचावर ठेवलेले झरोके त्यांनाही चुकले नाहीत. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि ऊन पडले की परत सोडतो. त्याच भिंतीवर सिमेंट थापून वर प्लॅस्टिक पेंट लावला की ओल आत अडकते आणि बाहेर पडताना रंग फोडूनच पडते. वेहेरगावच्या डोंगरातल्या कार्ले लेण्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला आहेत. लेणे म्हणजे घर नव्हे, त्याला शाकारणी लागत नाही, हे कबूल. पण डोक्यावर पक्के छत आणि समोरच्या भल्यामोठ्या गवाक्षातून खेळती हवा असली की याच पावसाच्या मुलखात लाकूड किती टिकते, याचा याहून मोठा दाखला कुठे शोधायचा?

उलट बाजूचा पुरावा गावातच रस्त्यावर उभा आहे. सपाट स्लॅबच्या इमारती बांधल्या गेल्या, वॉटरप्रूफिंग झाले, पुन्हा झाले, आणि शेवटी कितीतरी गच्च्यांवर लोखंडी सांगाडा उभारून उतरता पत्रा टाकावा लागला. ज्या उताराला जुनाट म्हणून रजा दिली, तोच दुप्पट खर्चाने आणि निम्म्या देखणेपणाने परत आला. दरीकडे तोंड करून बसवलेल्या अखंड काचेच्या भिंतींची गतही तीच. नैऋत्येचा वारा पाणी आडवे फेकतो, चौकटीच्या फटीतून ते आत उतरते. आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती दरी जुलैत बहुतेक दिवस धुक्यात बुडालेली असते!

यावर एक आक्षेप वजनदार आहे. जुनी घरे अंधारी होती, सारवणाचे कष्ट बायकांच्या वाट्याला होते, आणि चुलीच्या ज्या धुराने वाशांना कीड लागत नसे त्याच धुराने घरातल्या बाईच्या डोळ्यांची आणि छातीची वाट लागे. हे खोडून काढता येत नाही, काढूही नये. धूर परत आणायचा नाही. त्याच्याकडून होणारे घर सुकते ठेवण्याचे काम झरोका, एक्झॉस्ट पंखा आणि उघड्या खिडकीकडे सोपवायचे. चुना भिजवून, मळून गिलावा करणारे गवंडी मिळत नाहीत, मिळाले तर महाग पडतात, ही तक्रारही खरी आहे. पण स्लॅबवर वीतभर वळचण पुढे काढायला, कपाट भिंतीपासून चार बोटे सरकवायला, त्याच्या दारांना जाळी लावायला दुर्मीळ कारागीर लागत नाही. पूर्व मावळाला तर एवढीही तयारी नको. तळेगावला लोणावळ्याच्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो, म्हणून एकच नकाशा दोन्हीकडे वापरणे हाही आळसच.

सगळ्यात अवघड प्रश्न शनिवार-रविवारच्या घरांचा आहे. आठवड्यातले पाच दिवस दारे-खिडक्या बंद असलेल्या घरात कितीही भारी रंग आणि पडदे असोत, श्रावणात ते आंबतेच. अशा घराला सजावटकारापेक्षा रोज खिडक्या उघडणारा, पन्हळीत अडकलेला पाला काढणारा गावातला माणूस जास्त उपयोगी. त्याचा पगार दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरावा. आणि जुना बंगला विकत घेणार असाल तर तो मे महिन्यात पाहून सौदा करू नका. जुलैत, चार दिवसांची झड लागलेली असताना जा, आणि आत शिरल्यावर आधी नजर वर, आढ्याकडे टाका.