फेब्रुवारीचे शंभर

आमच्या पंचवटीत सातपूरच्या कारखान्यात राबणारा एक तरुण शेजारी आहे. परवा वेतनचिठ्ठी आम्हांपुढे धरून त्याने विचारिले, "काका, व्यवसायकर दरमहा 200 रुपये, मग फेब्रुवारीतच 300 कां?" राज्यघटनेने या कराची वार्षिक मर्यादा 2500 ठरविली आहे, बारा महिन्यांचे होतात 2400. उरलेले शंभर सर्वांत आखूड महिन्याच्या माथी! दरमहा दहा हजारांहून किंचित अधिक मिळविणारा कामगार आणि लाखो मिळविणारा अधिकारी, दोघेही तेवढेच देतात, हे आम्हांस रुचत नाही. 1975 साली हा कर बसला तो रोजगार हमीसाठी, असेही आम्ही सांगितले. तो क्षणभर थांबला. "माझ्या वडिलांनी त्याच कामावर खडी फोडली होती." आम्ही चिठ्ठी निमूटपणे परत दिली.